अमेरिकी राज्यघटनेच्या मुळाशी असलेली घासाघीस

जून १७८३. फिलाडेल्फियातल्या सरकारी इमारतीला चारेकशे सैनिकांनी गराडा घातला. सैनिक आपलेच, ब्रिटिशांविरुद्ध लढलेले. पगार थकला म्हणून बंदुका घेऊन आले होते. आत अमेरिकेची काँग्रेस, म्हणजे तेरा राज्यांच्या प्रतिनिधींची सभा, बसलेली. तिने पेनसिल्व्हेनिया राज्याकडे फौज मागितली, राज्याने ती बोलवायला नकार दिला. मग काँग्रेसने चंबूगबाळं आवरलं आणि न्यू जर्सीतलं प्रिन्स्टन गाठलं. नुकतंच एका साम्राज्याला हरवलेल्या देशाचं सरकार स्वतःच्याच शिपायांना घाबरून गाव सोडून गेलं. सात वर्षांपूर्वी स्वातंत्र्याचा जाहीरनामा याच इमारतीत मंजूर झाला होता आणि चार वर्षांनी राज्यघटनाही इथेच लिहिली जाणार होती.

अमेरिकेच्या शासनव्यवस्थेबद्दल बोलताना सत्तेचं त्रिभाजन आणि मॉन्टेस्क्यू, लॉक या युरोपीय विचारवंतांची नावं लगेच पुढे येतात. घटना लिहिणाऱ्या मंडळींनी त्यांचे ग्रंथ वाचले होते यात शंका नाही. पण आज आपल्याला बुचकळ्यात टाकणाऱ्या गोष्टी, म्हणजे कमी मतं मिळालेला उमेदवार राष्ट्राध्यक्ष कसा होतो किंवा पिटुकल्या राज्याला अजस्र राज्याइतक्याच सिनेटच्या, म्हणजे वरच्या सभागृहाच्या, जागा का, त्या ग्रंथांतून उलगडत नाहीत. त्यासाठी कोण कोणाला घाबरत होतं आणि कोणाचं घोडं कुठे अडलं होतं, हे पाहावं लागतं.

अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींना स्वतःचा कारभार नवा नव्हता. व्हर्जिनियात निवडून आलेल्या प्रतिनिधींची सभा १६१९ पासून भरत होती. सप्तवार्षिक युद्धात रिकामी झालेली तिजोरी भरण्यासाठी ब्रिटिश संसदेने १७६५ साली मुद्रांक कर लादला, तेव्हा वसाहतींचा मुद्दा साधा होता: कर आमची सभा लावेल, तुमची नाही. चहाचं प्रकरण आपल्याकडेही येऊन टेकतं. १७७३ चा चहा कायदा झाला तो डबघाईला आलेल्या ईस्ट इंडिया कंपनीला वाचवण्यासाठी. त्याच्या निषेधात वसाहतवाल्यांनी बॉस्टनच्या बंदरात फेकलेला चहा चीनचा असला, तरी तो होता याच कंपनीचा. १७८१ साली यॉर्कटाऊनला ज्याने सैन्यासह शरणागती पत्करली तो ब्रिटिश सेनानी कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्यात आला. पुढे टिपूविरुद्धच्या मोहिमेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन त्याच्या बाजूने उतरले, म्हणून मराठी वाचकाला तो परका नाही.

राजाचा इतका वीट आलेला, की स्वतंत्र झाल्यावर बहुतेक राज्यांनी आपल्या गव्हर्नरचे हातपाय आधी बांधले. पेनसिल्व्हेनियाने १७७६ च्या घटनेत गव्हर्नरपदच ठेवलं नाही. तेरा राज्यांना एकत्र ठेवणारा करारही याच धास्तीतून लिहिला गेला. १७७७ साली मसुदा झाला, १७८१ च्या मार्चमध्ये तो लागू झाला. त्यात राष्ट्राध्यक्ष नाही, न्यायव्यवस्था नाही, प्रत्येक राज्याला एक मत. काँग्रेसने युद्ध पुकारावं, तह करावेत, कर्ज काढावं, पण कर मात्र लावायचा नाही. पैशासाठी राज्यांच्या नाकदुऱ्या काढायच्या आणि ती देतील तेवढ्यावर भागवायचं. करारात बदल करायचा तर तेराही राज्यांची संमती हवी. आयात मालावर पाच टक्के जकात लावू द्या, एवढंच काँग्रेसने १७८१ मध्ये मागितलं होतं. एकट्या ऱ्होड आयलंडने नाही म्हटलं आणि प्रस्ताव बारगळला. शिपायांचा पगार थकला तो यामुळे.

एवढ्यावरही गाडं रेटलं गेलं असतं, पण १७८६ च्या ऑगस्टपासून पश्चिम मॅसॅच्युसेट्सचे शेतकरी उठले. त्यांचं दुखणं आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला कळेल असं होतं. राज्याने युद्धाचं कर्ज फेडण्यासाठी कर वाढवला आणि तो नाण्यांत मागितला. गावांत नाणी नव्हती. कर थकला की खटला, खटला झाला की जमिनीचा लिलाव. शेतकऱ्यांनी कोर्टंच बंद पाडायला सुरुवात केली. युद्धात कप्तान असलेला डॅनियल शेज त्यांच्या पुढाऱ्यांपैकी एक. जानेवारी १७८७ मध्ये ते स्प्रिंगफिल्डच्या शस्त्रागारावर चालून गेले, तोफा डागल्या गेल्या, चार माणसं मेली. बंड मोडायला जी फौज उभी राहिली तिचा खर्च बॉस्टनच्या सावकार-व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून केला, कारण काँग्रेसकडे फुटकी कवडी नव्हती. राजाची भीती जुनी होती. आता मालदार मंडळींना गर्दीची भीती वाटू लागली. घटनेवर या दोन्ही भीतींचे वळ आहेत.

त्या वर्षी २५ मे रोजी घटना परिषदेचं काम सुरू झालं. बारा राज्यांचे मिळून ५५ प्रतिनिधी. ऱ्होड आयलंड आलंच नाही. काँग्रेसने परवानगी दिली होती ती जुना करार दुरुस्त करायची. यांनी चार दिवसांत तो बाजूला ठेवला. दारावर पहारा, आतलं बाहेर बोलायचं नाही असा नियम. व्हर्जिनियाचा प्रतिनिधी मॅडिसन रोज टिपणं काढत होता, तीही छापली गेली १८४० साली, त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी. ज्यांनी या घटनेला मान्यता दिली त्यांतल्या बहुतेकांना आत नेमकं काय झालं ते जन्मभर कळलं नाही.

आत झालं ते असं. व्हर्जिनियाने आराखडा मांडला: दोन सभागृहं, दोन्हींत लोकसंख्येप्रमाणे जागा. व्हर्जिनियाची लोकसंख्या साडेसात लाखांच्या घरात, डेलावेअरची साठ हजारांच्या आत. छोट्या राज्यांनी न्यू जर्सीच्या नावाने उलट आराखडा आणला: जुन्यासारखंच, राज्यागणिक एक मत. जून संपेपर्यंत खडाखडी चालली. डेलावेअरचा गनिंग बेडफर्ड तर उघड बोलला की तुम्ही ऐकणार नसाल तर आम्हाला हात देणारा परदेशी मित्र मिळेल. त्या काळी या धमकीचा अर्थ सगळ्यांना कळत होता.

तोडगा कनेक्टिकटच्या प्रतिनिधींनी रेटला: खालचं सभागृह लोकसंख्येवर, सिनेटमध्ये मात्र सगळे सारखे. १६ जुलैला मतदान झालं. पाच राज्यं बाजूने, चार विरुद्ध. मॅसॅच्युसेट्सचे चार प्रतिनिधी दोन-दोन फुटले, त्यामुळे त्या राज्याचं मत धरलंच गेलं नाही. न्यू यॉर्कचे दोन प्रतिनिधी रागावून आधीच घरी गेलेले, उरलेल्या एकट्या हॅमिल्टनला राज्याच्या वतीने मत देता येत नव्हतं. न्यू हॅम्पशायरचे अजून पोहोचायचे होते. मॅसॅच्युसेट्सच्या बाजूने असलेल्या दोघांपैकी एकाने जरी मत फिरवलं असतं, तरी पाच-पाच होऊन प्रस्ताव पडला असता. अमेरिकी सिनेटचं आजचं रूप एवढ्याशा धाग्यावर टिकलं.

गुलामगिरीचा हिशेब याच सौद्यात मिसळला. गुलामांना मत नाही, हक्क नाही. पण जागा मोजताना दक्षिणेला ते हवे होते. ठरलं ते पाच गुलाम म्हणजे तीन माणसं. गुलामांच्या आयातीवर १८०८ पर्यंत बंदी घालायची नाही, पळून गेलेला गुलाम मालकाला परत द्यायचा, हेही घटनेत शिरलं, तेही ‘गुलाम’ हा शब्द कुठेही न लिहिता. ही तडजोड नसती तर संघ झालाच नसता, असं सांगितलं जातं. असेल तसं, पण तिची किंमत तिथे बसलेल्यांपैकी कोणीही मोजली नाही.

राष्ट्राध्यक्षाची गोष्ट यालाच चिकटलेली आहे. पेनसिल्व्हेनियाच्या जेम्स विल्सनने एक जूनला ‘एकच माणूस असावा’ असं सुचवलं तेव्हा सभागृह गप्प झालं. परिषदेचा अध्यक्ष वॉशिंग्टन सभागृहातच बसलेला. पहिला राष्ट्राध्यक्ष तोच होणार हे सगळ्यांना ठाऊक, मग त्याच्यादेखत बोलणार कोण? शेवटी ८१ वर्षांच्या फ्रँकलिनने लोकांना बोलतं केलं. एकच माणूस असावा हे पुढे ठरलं, पण निवडायचं कोणी हे घोंगडं सप्टेंबरपर्यंत भिजत राहिलं. विल्सनला लोकांनी थेट निवडायला हवं होतं. व्हर्जिनियाचा जॉर्ज मेसन म्हणाला, हे म्हणजे आंधळ्याला रंग पारखायला सांगणं. मॅडिसनने १९ जुलैला अडचण नेमकी सांगितली: थेट निवडणूक सगळ्यांत योग्य, पण दक्षिणेत मताधिकार कमी लोकांना, आणि गुलामांमुळे मिळणारं वजन तिला या पद्धतीत मिळणार नाही. राष्ट्राध्यक्ष निवडण्यापुरते निर्वाचक नेमण्याची युक्ती यातून निघाली. काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत राज्याच्या जागा मिळून जेवढ्या, तेवढे त्याचे निर्वाचक. म्हणजे सिनेटची तडजोड आणि तीन-पंचमांशाची तडजोड, दोन्ही इथे आयत्या येऊन बसल्या. पहिल्या ३६ वर्षांपैकी ३२ वर्षं राष्ट्राध्यक्ष व्हर्जिनियाचा होता.

१७ सप्टेंबरला ३९ जणांनी सह्या केल्या. हजर असूनही सही न करणाऱ्या तिघांत मेसन होता. घटनेत नागरिकांच्या हक्कांची सनद नाही ही त्याची मुख्य तक्रार. मान्यतेसाठी तेराऐवजी नऊ राज्यं पुरेत असं परिषदेने स्वतःच ठरवून टाकलं होतं. जून १७८८ मध्ये न्यू हॅम्पशायर नववं ठरलं. पण व्हर्जिनियात निकाल लागला ८९ विरुद्ध ७९, न्यू यॉर्कमध्ये ३० विरुद्ध २७. बऱ्याच ठिकाणी ‘हक्कांची सनद नंतर जोडू’ या शब्दावर वेळ मारून नेली होती. मॅडिसनला आधी ही सनद अनावश्यक वाटत होती. १७८९ मध्ये तीच त्याने काँग्रेसमध्ये मांडली. पाठवलेल्या बारांपैकी दहा दुरुस्त्या १७९१ च्या डिसेंबरात लागू झाल्या. उरलेल्या दोनपैकी एक, खासदारांच्या पगाराबद्दलची, तब्बल १९९२ साली मंजूर होऊन सत्ताविसावी दुरुस्ती ठरली. ऱ्होड आयलंड १७९० मध्ये, दोन मतांनी, सगळ्यांत शेवटी आत आलं.

न्यायालयाबद्दल घटना फार थोडं बोलते. न्यायाधीश किती हेही तिने सांगितलेलं नाही. पहिल्या कायद्याने सहा ठेवले, नऊ हा आकडा १८६९ पासूनचा. काँग्रेसचा कायदा घटनाबाह्य ठरवण्याचा अधिकार न्यायालयाने १८०३ मध्ये मार्बरी खटल्यात स्वतःच हाती घेतला. तो खटला होता एका मॅजिस्ट्रेटच्या नेमणुकीच्या कागदाचा, आणि तो कागद वेळेत पोहोचवायचा राहिला होता जॉन मार्शलकडून, कारण तेव्हा परराष्ट्रमंत्री तोच होता. निकाल देताना सरन्यायाधीशही तोच! आज कोणी असं केलं तर पहिल्याच दिवशी आक्षेप येईल.

गुलामगिरीची तडजोड मोडायला यादवी युद्ध लागलं. १८६५ ते १८७० मधल्या तीन दुरुस्त्यांनी गुलामगिरी संपवली, जन्माने नागरिकत्व दिलं, वंशावरून मताधिकार नाकारायला बंदी केली. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपलं ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते या कामासाठी अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. दक्षिणेतल्या बहुतेक कृष्णवर्णीयांना प्रत्यक्षात अडथळ्याविना मत टाकता यायला मात्र १९६५ चा कायदा यावा लागला.

आपली घटना लिहिताना ही सगळी हकिगत समोर होती. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात मुद्दाम सांगितलं की भारताचा संघ घटक राज्यांच्या करारातून झालेला नाही. राज्यसभेत ते दिसतं: महाराष्ट्राला १९ जागा, गोव्याला एक. करारातून जन्मलेल्या संघात अशी वाटणी होऊच शकली नसती.

कारण अमेरिकेतल्या त्या कराराला शेवटच्या घटकेला कुलूप लावलेलं आहे. १५ सप्टेंबर १७८७ ला, सह्यांच्या दोन दिवस आधी, छोट्या राज्यांची कुरकुर थांबवण्यासाठी घटनादुरुस्तीच्या पाचव्या कलमात एक ओळ घातली गेली: कोणत्याही राज्याचा सिनेटमधला समान वाटा त्याच्या संमतीवाचून काढता येणार नाही. त्याच कलमातला दुसरा अपवाद, गुलामांच्या आयातीचा, १८०८ मध्ये आपोआप संपला. हा शिल्लक आहे. २०२० च्या जनगणनेत वायोमिंगची लोकसंख्या पावणेसहा लाखांच्या आसपास, कॅलिफोर्नियाची चार कोटींच्या आसपास. सिनेटर दोघांचे दोन-दोन. निर्वाचक मंडळ रद्द करण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न १९६९ मध्ये झाला. प्रतिनिधीगृहाने तो ३३८ विरुद्ध ७० मतांनी मंजूर केला, राष्ट्राध्यक्ष निक्सनही अनुकूल होते. १९७० मध्ये सिनेटमधल्या दक्षिणेच्या आणि छोट्या राज्यांच्या सदस्यांनी चर्चा लांबवत नेली आणि तो मतदानापर्यंत पोहोचू दिला नाही.