पोचट शेंगा कशा वेचायच्या?

एसएमए या आजारात बाळाच्या मज्जारज्जूतल्या, स्नायूंना चालवणाऱ्या चेतापेशी मरत जातात. त्यावरचं झोल्जेन्स्मा हे जनुक-औषध, म्हणजे विषाणूच्या कवचात भरून पेशींपर्यंत पोचवलेलं जनुक, शिरेतून एकदाच देतात. अमेरिकेत त्याला मे २०१९ मध्ये मंजुरी मिळाली. मात्रा आहे किलोमागे ११० लाख कोटी विषाणूकण, म्हणजे पाच किलोच्या बाळाला ५५० लाख कोटी. आकडा छाती दडपवणारा आहे, पण एकेक कण २५ नॅनोमीटरचा. सगळे मिळून वजन भरतं सुमारे ५ मिलिग्रॅम, चिमूटभर मिठापेक्षा कितीतरी कमी. तेवढा माल पेशींच्या गढूळ रसातून वेगळा काढायचा असतो.

हा विषाणू म्हणजे एएव्ही. ६० प्रथिनं जुळून झालेलं कवच आणि आत जेमतेम ४,७०० अक्षरांचा एकपदरी डीएनए. तो बहुधा एचईके-२९३ या मानवी पेशींत वाढवतात. पेशींना तीन प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएची छोटी वेटोळी, पाजतात: एकात औषधी जनुक, दुसऱ्यात कवच बांधण्याच्या आणि डीएनएच्या प्रती काढण्याच्या सूचना, तिसऱ्यात मदतनीस जनुकं. कवचं भराभर तयार होतात, डीएनए भरण्याचं काम मागे पडतं. त्यामुळे दहातली सात-आठ, कधी नऊसुद्धा कवचं रिकामी निघतात. भुईमुगाच्या पोचट शेंगांसारखी: बाहेरून हुबेहूब, आत दाणा नाही.

आधी नासाडीचा हिशेब. समजा २०० लिटरच्या टाकीत दर लिटरला ५० लाख कोटी भरलेले कण मिळाले. शुद्धीकरणाच्या पाच पायऱ्या आणि प्रत्येक पायरीत ८० टक्के माल हाती राहिला, तर शेवटी उरतात ३३ टक्के. एवढ्या टाकीतून पाच किलोच्या पाच, फार तर सहा बाळांची सोय होते. औषध महाग का, याच्या उत्तराचा एक मोठा तुकडा या गुणाकारात आहे.

सुमारे ७२ तासांनी टाकीतच डिटर्जंट घालून पेशी फोडतात. वर्षानुवर्षं यासाठी ट्रायटन एक्स-१०० वापरलं जायचं. त्याचे विघटित अंश जलचरांच्या संप्रेरकांत ढवळाढवळ करतात म्हणून युरोपात २०२१ पासून त्यावर बंधनं आली, आणि अनेकजण पॉलिसॉर्बेटकडे वळले. पेशी फुटल्या की त्यांचा डीएनए बाहेर येतो आणि रस अंड्याच्या पांढऱ्यासारखा तार धरू लागतो. त्यावर उतारा म्हणजे न्यूक्लिएज, डीएनए कापणारं विकर: मिलिलिटरला ५० युनिट, सोबत २ मिलिमोलर मॅग्नेशियम, ३७ अंशांवर तास-दोन तास. डीएनएचे बारीक तुकडे झाल्यावर मीठ घालायचं, लिटरमागे सुमारे २९ ग्रॅम. मिठामुळे डीएनएच्या तुकड्यांना चिकटलेले विषाणू सुटे होतात. इथे क्रम महत्त्वाचा. मीठ आधी पडलं तर साधं न्यूक्लिएज मंदावतं आणि तार तशीच राहते. मीठ राहूनच गेलं तर विषाणू कचऱ्यासोबत गाळणीत अडकतो. गाळणीच्या जाड थरांवर बऱ्याचदा धनभार असतो आणि विषाणूवर ऋणभार, त्यामुळे गाळणी ‘जास्त चांगली’ निवडली की मालही तीच खाते. पहिल्या पायरीतच ३० टक्के गायब झाले, तर बऱ्याचदा कारण इथे सापडतं.

न्यूक्लिएजच्या हाती न लागणारी एक गोष्ट मात्र राहतेच. काही कवचांत औषधी जनुकाऐवजी पेशीच्या किंवा प्लाझ्मिडच्या डीएनएचा तुकडा भरला जातो. कवचाच्या आत तो सुरक्षित असतो. तो धुऊन निघत नाही. त्याची काळजी प्लाझ्मिडची रचना करतानाच घ्यावी लागते.

गाळलेला रस मग अॅफिनिटी कॉलममधून, म्हणजे मणी भरलेल्या नळीतून, जातो. इथल्या मण्यांवर उंटाच्या कुळातल्या प्राण्यांच्या प्रतिपिंडांपासून घेतलेले छोटे तुकडे बसवलेले असतात, आणि ते एएव्हीचं कवच नेमकं पकडतात. बाकी सगळं वाहून जातं. मग सामू, म्हणजे पीएच, २.५ ते ३ वर आणला की विषाणू सुटतो. ज्या भांड्यात तो गोळा करायचा त्यात ट्रिसचं अल्कधर्मी द्रावण आधीच घालून ठेवतात, कारण आम्लात तो फार वेळ राहिला तर कवचं बिघडतात आणि गुठळ्या होतात. सगळं कौतुक या कॉलमच्या वाट्याला येतं, आणि तो आहेही कौतुकाजोगा. पण तो शेंग बाहेरूनच ओळखतो. पोचट आणि भरलेली त्याला सारखीच.

आणि मात्रा मोजतात ती डीएनएच्या प्रतींवरून. मालात २० टक्केच कवचं भरलेली असतील तर त्याच बाळाच्या शरीरात २,२०० लाख कोटी रिकामी कवचंही जातील. औषध म्हणून उपयोग शून्य, रोगप्रतिकारक यंत्रणेला चिथावणी मात्र पुरेपूर.

प्रयोगशाळेत यावर पाखडण्यासारखा उपाय आहे. भरलेल्या कवचाची घनता घन सेंटिमीटरला सुमारे १.४० ग्रॅम, रिकाम्याची १.३१. सीझियम क्लोराइडमध्ये तासन् तास अतिवेगाने फिरवलं की दोन्हींचे वेगळे पट्टे दिसतात. वेगळेपणा सुरेख येतो, पण शेकडो लिटरच्या बॅचसाठी हे सूप फारच लहान.

म्हणून मोठ्या प्रमाणावर आयन-विनिमय कॉलम लागतो. आतल्या डीएनएच्या ऋणभाराची किंचित चाहूल कवचाबाहेर लागते: विद्युतभार शून्य होण्याचा सामू रिकाम्या कवचाचा ६.३ च्या आसपास, भरलेल्याचा ५.९. सगळा खेळ या ०.४ च्या फरकावर. माल पातळ करून, सामू ९ च्या आसपास ठेवून धनभारित कॉलमवर चढवतात आणि मीठ हळूहळू वाढवत नेतात. पडद्यावर दोन रेषा चालू असतात, २६० आणि २८० नॅनोमीटरच्या प्रकाशशोषणाच्या. पहिला उंचवटा येतो तेव्हा २८० ची रेषा वर असते. ही प्रथिनं, म्हणजे पोचट शेंगा. मग रेषा एकमेकींना छेदतात, २६० वर चढते, गुणोत्तर ०.६ वरून १.३ च्या पुढे जातं. ही भरलेली. झडप कधी फिरवायची, हा इथला खरा निर्णय. लवकर फिरवली तर पोचट आत शिरतात, उशीर केला तर भरलेली वाहून जातात, आणि अर्धवट भरलेली मधे रेंगाळत दोन्हींचा घोळ घालतात. बफरचा, म्हणजे सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाचा, सामू ०.१ ने चुकला तरी उंचवटे सरकतात. शिवाय एएव्हीचे प्रकार अनेक, आणि एएव्ही-९ ची पाककृती एएव्ही-२ ला चालेलच असं नाही. एएव्ही-२ फार कमी मिठात गुठळ्या धरतो, आणि या कॉलमला तर कमी मीठच हवं असतं.

शेवटी माल घट्ट करून बफर बदलतात आणि ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतून निर्जंतुक करतात. २५ नॅनोमीटरचा कण त्यातून सहज जातो, गुठळी झालेली असेल तर नाही. पातळ द्रावणात एएव्ही काचेला आणि प्लास्टिकला चिकटतो, म्हणून ०.००१ टक्के पोलोक्झॅमर घालतात. ते नसेल तर कुपीतल्या आणि सिरिंजमधल्या मात्रेचा मेळ बसत नाही.

जनुक पोचवणारा दुसरा विषाणू म्हणजे लेंटिव्हायरस. त्याच्यासाठी यातलं बरंच मोडीत काढावं लागतं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून घडलेल्या नेक्सकार-१९ या कार-टी उपचारात, म्हणजे रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून कर्करोगावर सोडण्याच्या उपचारात, पेशींमध्ये जनुक घालायला हाच विषाणू वापरतात. तो साधारण १०० नॅनोमीटरचा, वर मेदाचं नाजूक आवरण. डिटर्जंटने ते विरघळतं, सामू ३ ला विषाणू निकामी होतो, जास्त मिठातही फार वेळ टिकत नाही. पेशी फोडायची गरज नाही, तो आपोआप बाहेर पडतो, एवढाच दिलासा. ०.२ मायक्रॉनच्या गाळणीत त्याचा बराच भाग अडकू शकतो, म्हणून काहीजण ती पायरी टाळून पुढची सगळी कामं पहिल्यापासूनच निर्जंतुक वातावरणात करतात.