वाय-फायचा बफर आणि ४०९६ बाइटांची वेस

हवेतून आलेली फ्रेम (म्हणजे डेटाचा एक तुकडा) वाय-फाय कार्ड डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला मधे न घेता, थेट मेमरीत लिहून टाकतं. त्यासाठीची जागा, म्हणजे बफर, ड्रायव्हरने (कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामने) आधीच राखून ठेवलेली असावी लागते. लिनक्समधला एथ९के (ath9k) हा अथेरॉस कार्डांचा ड्रायव्हर असे ५१२ बफर रांगेत लावतो. पुढची फ्रेम ६० बाइटांची की साडेतीन हजारांची, हे आधी कळत नाही. म्हणून प्रत्येक बफर सर्वांत मोठ्या फ्रेमच्या मापाचा घ्यायचा मोह होतो.

घोळ इथेच आहे. ८०२.११एन या वाय-फाय मानकात अनेक पाकिटं एकत्र बांधलेला ए-एमएसडीयू ३८३९ बाइटांपर्यंत जातो (काही कार्डं ७९३५ सुद्धा घेतात). लिनक्स मेमरी वाटतं ४०९६ बाइटांच्या पानांनी. म्हणजे बसायला हवा. पण बफरच्या शेपटाला कर्नल (लिनक्सचा गाभा) स्वतःची नोंद जोडतं, ६४-बिट मशीनवर साधारण ३२० बाइटांची. बेरीज ४१५९. वरच्या ६३ बाइटांपायी ८१९२ चा बफर घ्यावा लागतो. असे ५१२ म्हणजे ४ एमबी. ३२ एमबी रॅमच्या राउटरला हे कसं परवडणार?

त्याहून वाईट म्हणजे ही दोन पानं सलग लागतात. एसटीत दहा सीट रिकाम्या असूनही जोडीची एकही मिळू नये, तशी गत होते. फ्रेम उचलणाऱ्या कोडला थांबून मेमरी आवरत बसता येत नाही, आणि लॉगमध्ये ‘पेज अ‍ॅलोकेशन फेल्युअर, ऑर्डर १’ (सलग दोन पानं मिळाली नाहीत) असं उमटतं. शहाणा ड्रायव्हर नवा बफर हातात आल्यावरच भरलेला जुना पुढे कर्नलकडे पाठवतो. नाही मिळाला, तर ती फ्रेम टाकून देऊन जुनाच बफर पुन्हा रांगेत लावतो. एक फ्रेम जाते, रांग मात्र रिकामी होत नाही.

शिवाय सॉकेटच्या (प्रोग्रामला नेटवर्कशी जोडणाऱ्या दुव्याच्या) खात्यावर पाकिटाची नव्हे, बफरची लांबी चढते. २,१२,९९२ बाइटांची नेहमीची मर्यादा ८ केबीच्या २६ बफरांत संपते, आत शंभर-शंभर बाइटच असले तरी.

एथ९केने यावर बफरच निम्मा, सुमारे १९२० बाइटांचा केला. मोठी फ्रेम अनेक बफरांत उतरते आणि ड्रायव्हर ती जोडतो. इंटेलचा ड्रायव्हर सुरुवातीला १२८ बाइटांचा छोटा बफर, म्हणजे डोकं, घेतो. छोटी फ्रेम त्यातच कॉपी होते, मोठीचं पान मागे लटकवलं जातं.

फ्रेम जोडायची सोय नसलेल्या ड्रायव्हरमध्ये नुसता बफर कापून भागत नाही. आपण किती मोठा ए-एमएसडीयू घेऊ, हे कार्ड जोडणीच्या वेळीच समोरच्याला सांगतं. तो आकडा जुनाच राहिला, तर छोट्या फ्रेमांचा पिंग सुरळीत चालतो आणि मोठी डाउनलोड अडखळते.