सामानाबरोबर फिरणारी माणसे : रॉकचा रोडी आणि सांगली-साताऱ्याचा फड

रॉक बँडच्या दौऱ्यात गायक-वादक रंगमंचावर दीड-दोन तास असतात. त्यांच्या आधी सकाळपासून तेथे राबणारा आणि प्रेक्षक घरी गेल्यावर पहाटेपर्यंत ट्रक भरत बसणारा जो ताफा असतो, त्यातल्या माणसाला रोडी म्हणतात. या माणसाविषयी जे लिहिले जाते ते बहुधा दारू, जागरणे आणि कलावंतांच्या भानगडी यांपुरतेच असते. प्रत्यक्षात त्याच्या व्यवसायाचा इतिहास हा सामानाच्या वजनाचा इतिहास आहे. खेळाचे सामान कलावंताच्या स्वतःच्या हाताबाहेर गेले की ते वाहणारा, जोडणारा आणि सांभाळणारा वेगळा माणूस लागतो, आणि हा अनुभव सांगली-सातारा भागाला रॉकच्या कितीतरी आधीपासून आहे.

५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगवले, तेव्हा पाठीशी संस्थानिक चिंतामणराव ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धन होते. राजाश्रय होता तोवर खर्चाची आणि माणसांची विवंचना नव्हती. १८५१ मध्ये आप्पासाहेबांचे निधन झाले, आश्रय आटला आणि भाव्यांना मंडळी घेऊन परमुलखात खेळ करावे लागले. १८५३ मध्ये ते मुंबईला पोहोचले. या भागात तेव्हा रेल्वे नव्हती. नेपथ्य जुजबी होते, उजेडाला दिवट्या होत्या आणि बैलगाड्यांवर मावेल तेवढाच संसार बरोबर नेता येत होता, म्हणून सामानासाठी निराळी माणसे ठेवण्याची गरज फारशी भासली नसावी.

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या मंडळीने १८८० मध्ये संगीत नाटकाचा जमाना सुरू केला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिरजेला रेल्वे आली, तेव्हा हे गणित पालटले. रंगवलेले पडदे, कपड्यांच्या ट्रंका, ऑर्गन, दिवे, असा सारा पसारा आता गावोगाव हलवता येऊ लागला, आणि हलवता येतो म्हणून तो आणखी वाढला. सांगली जिल्ह्यातल्या नागठाण्यात जन्मलेल्या बालगंधर्वांनी १९१३ मध्ये भागीदारीत स्थापन केलेली गंधर्व नाटक मंडळी तर थाटामाटासाठीच ओळखली गेली. अशा कंपनीत नटांइतकीच पडद्यामागची माणसे महत्त्वाची असत : पडदे ओढणारे, कपडेपट सांभाळणारे, सुतार, रंगारी, दिवाबत्तीवाले आणि सर्वांना जेवू घालणारे आचारी. कंपनी म्हणजे एक मोठे फिरते बिऱ्हाड होते. पडदा ओढणारा त्याच पंगतीत जेवत असे आणि पावसाळ्यात खेळ बंद राहिले तरी त्याच्या दोन वेळच्या जेवणाची सोय होत असे. पगार थकत, हे खरे. पण माणूस कंपनीचा असे. १९३२ मध्ये मराठी बोलपट आला, त्यानंतर या कंपन्या एकामागून एक बसल्या आणि त्यांच्याबरोबर ही बिऱ्हाडेही मोडली.

तमाशाच्या फडांनी मात्र ही रीत बरीच पुढे चालवली. पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे आणि काळू-बाळूंचा प्रसिद्ध फड मिरजेजवळच्या कवलापूरचा, तेव्हा या भागाला फडाचे अर्थकारण कोणी शिकवायला नको. दसऱ्यापासून वैशाखापर्यंतचा हंगाम, पुसेगाव, म्हसवड, खरसुंडी अशा यात्रांचा माग, रोज नवा मुक्काम, रोज तंबू ठोकणे आणि रोज तो उपसणे, हे सारे पेलणारी तंबूवाल्यांची फळी प्रत्येक मोठ्या फडात असते. हंगामाच्या तोंडावर ही माणसे उचल घेतात आणि ती कामातून फेडत राहतात. ऊसतोडीच्या टोळीला बांधून ठेवणारी तीच ही पद्धत आहे. तिच्यात आधार आणि अडकवणूक एकत्र येतात, आणि त्यांपैकी कोणती बाजू जड हे फडमालकावर अवलंबून राहते.

रॉकच्या बाजूला सुरुवात याहून कितीतरी साधी होती. लिव्हरपूलच्या ‘बीटल्स’ या बँडचे चौघे गावोगाव हिंडू लागले तेव्हा त्यांची व्हॅन हाकणारा नील ॲस्पिनॉल हा हिशेबनीसाचे काम शिकणारा त्यांच्याच शहरातला मुलगा होता. १९६३ मध्ये त्याच्या जोडीला आलेला मॅल इव्हान्स हा टेलिफोन खात्यातला तंत्रज्ञ, जो लिव्हरपूलच्या कॅव्हर्न क्लबच्या दारावर राखणदारी करत असे. १९६६ मध्ये दौरे थांबेपर्यंत सामानाचा मुख्य भार या दोघांवरच राहिला, कारण मुळात सामानच थोडे होते. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये सुमारे ५५,६०० प्रेक्षक जमले, तेव्हा गिटारींसाठी खास बनवलेले शंभर वॉटचे अँप्लिफायर होते आणि गायनासाठी मैदानाचीच ध्वनियंत्रणा वापरली गेली. आज आपल्याकडच्या मध्यम गणेश मंडळाचीही यंत्रणा याहून दांडगी असते. त्या आरड्याओरड्यात स्वतःचेच गाणे ऐकू येत नव्हते, असे बीटल्सच्या सदस्यांनी पुढे सांगितले.

त्यानंतर सामान झपाट्याने वाढले. ‘द हू’ या बँडच्या पीट टाउनशेंडला मोठा आवाज हवा होता, म्हणून लंडनच्या जिम मार्शल यांनी त्याच्यासाठी बारा इंची आठ स्पीकर असलेली अखंड पेटी बनवली. ती उचलून उचलून बँडच्या हमालांचा जीव मेटाकुटीला आला आणि त्यांनी तक्रार केली. तेव्हा मार्शल यांनी तिचे चार-चार स्पीकरांचे दोन भाग केले, जे एकावर एक रचता येत. रॉकच्या छायाचित्रांत वादकांमागे दिसणारी ती काळ्या पेट्यांची उतरंड म्हणजे गिटारवादकाची ऐट मानली जाते. तिचा आकार ठरला तो पाठ दुखणाऱ्या माणसांमुळे. या व्यवसायाच्या इतिहासात मला हा प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण येथे वाहणाऱ्याचे म्हणणे यंत्र बनवणाऱ्याने ऐकले.

ओझ्याचा कळस १९७४ मध्ये झाला. अमेरिकेच्या ‘ग्रेटफुल डेड’ या बँडने ‘वॉल ऑफ साउंड’ नावाची सुमारे ७५ टनांची यंत्रणा उभी केली. ती एका मुक्कामी उतरवून दुसऱ्या मुक्कामी वेळेत चढवणे अशक्य असल्यामुळे मंचाचे दोन सांगाडे ठेवले गेले : एकावर कार्यक्रम चालू असताना दुसरा पुढच्या गावी उभा राहत असे. खर्च इतका फुगला की त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बँडने दौरे थांबवले आणि ती यंत्रणा मोडीत निघाली. मात्र तिच्यावर काम करताना तयार झालेली कारागिरी टिकली. याच दशकात रोडी हा केवळ मित्र किंवा हमाल राहिला नाही. गिटारीच्या तारा बदलून सूर लावून ठेवणारा, ढोल बांधणारा, दिवे टांगणारा, वादकांना स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या स्पीकरांपाशी बसणारा, अशा त्याच्या जाती पडल्या.

यातले बरेचसे कसब पाहणाऱ्याच्या नजरेत भरत नाही. ट्रक भरण्याचा नियम असा की उद्या जे आधी लागणार ते आज शेवटी चढवायचे, आणि पेट्यांची मापेही ट्रकच्या रुंदीच्या हिशेबाने ठरवलेली असतात, जेणेकरून प्रवासात काही हलू नये. केबल गुंडाळण्याचेही तसेच आहे. नवखा पोरगा ती तळवा आणि कोपर यांच्याभोवती गरगर गुंडाळतो. प्रत्येक वेढ्याला तिला एकाच दिशेने पीळ बसतो, आतली तार हळूहळू तुटते आणि ऐन कार्यक्रमात माईक खरखरू लागतो. जाणता माणूस हातावर एक वेढा सुलट आणि पुढचा उलट घेतो. मग टोक धरून फेकली की केबल गाठ न पडता सरळ जमिनीवर पसरते. सांगली-साताऱ्यात साउंडवाल्याच्या हाताखाली राहिलेल्या पोराची परीक्षा सहसा येथेच होते.

दुसरी परीक्षा अर्थिंगची असते, आणि तिच्यात चूक झाली तर जीव जातो. ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वॉन्झी येथे ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस हार्वी अर्थिंग नसलेल्या माईकला हात लावताच विजेच्या धक्क्याने मरण पावला. यात्रेत जनरेटरवर चालणाऱ्या मंचाला हा धोका कायम असतो, म्हणून शहाणा साउंडवाला शेताच्या बांधापाशी लोखंडी सळई ठोकतो, तिच्या बुडाशी मिठाचे पाणी ओततो आणि मगच मिक्सरला वीज देतो. वाईट याचेच वाटते की हे काम पुष्कळ ठिकाणी अजून ‘झालं तर बरं’ या खात्यात पडते.

आपल्याकडे ध्वनिवर्धक आधी आला तो अँप्लिफायरच्या आणि कर्ण्याच्या रूपाने, आणि एक माणूस सायकलवरून तो नेऊ शकत असे. लग्नसराईतले ऑर्केस्ट्रे वाढले तशा पेट्या वाढल्या, आणि गेल्या दोन दशकांत मिरवणुकीतल्या पेट्यांच्या भिंतींनी टेम्पोचे ट्रक केले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. राज्य सरकार सणासुदीला मोजक्या दिवसांपुरती मध्यरात्रीपर्यंत सवलत देते. या नियमाने वस्तीला झोप मिळाली, हे चांगलेच झाले. हेल्परचा दिवस मात्र त्यामुळे लहान झाला नाही. आवाज दहाला थांबतो, आवराआवर तेव्हा कोठे सुरू होते, आणि पुणे-बेंगळुरू महामार्गावर पहाटे दिसणाऱ्या ताडपत्रीच्या गाड्यांत पेट्यांवरच झोपलेली पोरे असतात. पुण्यात २०१० पासून भरू लागलेल्या एनएच-७ वीकेंडरसारख्या रॉक महोत्सवांनी आणि मोठ्या शहरांतल्या कार्यक्रमांनी दिवे टांगायच्या धातूच्या सांगाड्यावर, म्हणजे ट्रसवर, चढणे, मोटारीने दिवे ओढणे, अशी नवी कामे आणली, पण त्यासाठीचे शिक्षण आजही बव्हंशी वस्तादाच्या हाताखालीच होते.

नाते मात्र पुरते बदलले आहे. नाटक कंपनीचा माणूस वर्षाचा होता, फडाचा माणूस हंगामाचा, पाश्चात्त्य रोडी एका दौऱ्याच्या करारावरचा. आमच्याकडचा साउंडचा हेल्पर एका सुपारीचा, म्हणजे ठरलेल्या एकाच कार्यक्रमाचा असतो. कसब वाढत गेले तसतसा करार आखूड होत गेला, हे या साऱ्या इतिहासातले मला न पटणारे गणित आहे. २०२० आणि २०२१ मध्ये महासाथीमुळे यात्रा आणि मिरवणुका बंद राहिल्या, तेव्हा इंग्लंड-अमेरिकेतल्या मंचकामगारांनीही रस्त्यावर येऊन आपले अस्तित्व दाखवून दिले, कारण सरकारी मदतीच्या चौकटीत त्यांतले बरेच जण बसत नव्हते. येथे तशी संघटनाही नव्हती. पोरे शेतमजुरीला गेली, काहींनी भाजीच्या गाड्या लावल्या. महाराष्ट्रात वयस्क साहित्यिक-कलावंतांना दरमहा मानधन देणारी सरकारी योजना आहे. तिच्यात अर्ज करताना कलाक्षेत्रातल्या कामगिरीचे पुरावे जोडावे लागतात. ज्याचे नाव हँडबिलावर कधी छापलेच गेले नाही, त्या पडदेवाल्याने किंवा साउंडच्या हेल्परने ते कोठून आणावेत, याची सोय अजून झालेली नाही.