बाह्य उपनगरे संमिश्र कशी झाली

टोरंटोजवळचे ब्रॅम्प्टन, मेलबर्नच्या पश्चिम टोकाचे टार्नीट अशा उपनगरांत आज देशोदेशींची कुटुंबे शेजारी राहतात. ब्रॅम्प्टनमध्ये तर 2021च्या जनगणनेनुसार निम्म्याहून अधिक रहिवासी दक्षिण आशियाई वंशाचे आहेत. परवडणारे घर, थोडे अंगण, मुलांची शाळा जवळ, एवढा साधा हिशेब त्यामागे असतो. पण ज्या काळात हा घरांचा नमुना घडला, त्या काळात यांतल्या बहुतेकांना तिथे दारही उघडले नसते.

न्यूयॉर्कजवळ 1947मध्ये लेव्हिटाउन उभे राहू लागले. जवळजवळ एकसारखी घरे झपाट्याने बांधायची आणि युद्धावरून परतलेल्या तरुण कुटुंबांना द्यायची, अशी ती योजना होती. चार-पाच वर्षांत 17 हजारांवर घरे झाली. सुरुवातीच्या भाडेकरारातच मात्र अट होती की, घरात गोऱ्या वंशाखेरीज कोणी राहायचे नाही. घरकामाचे नोकर चालतील, हेही त्यातच लिहिलेले! ही केवळ बिल्डरची मर्जी नव्हती. गृहकर्जाची हमी देणारी सरकारी यंत्रणाच मिश्र वस्तीला धोक्याची मानत असे.

अशा वांशिक अटी न्यायालयांनी अमलात आणू नयेत, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1948मध्ये दिला. प्रत्यक्षात फरक सावकाश पडला. पेनसिल्व्हेनियातल्या दुसऱ्या लेव्हिटाउनमध्ये 1957 साली पहिले कृष्णवर्णीय कुटुंब राहायला आले, तेव्हा घरावर दगड पडले आणि राज्याचे पोलीस बोलवावे लागले. घरविक्रीत वंशभेद करण्यास मनाई करणारा कायदा झाला तो 1968मध्ये.

दुसरा बदल सीमेवर झाला. अमेरिकेने 1965मध्ये स्थलांतरितांसाठीचा जुना देशनिहाय कोटा मोडीत काढला, कॅनडाने 1967मध्ये शिक्षण आणि कौशल्यावर गुण देण्याची पद्धत आणली, ऑस्ट्रेलियाने 1973मध्ये फक्त गोऱ्यांना येऊ देण्याचे धोरण पूर्णपणे सोडले. त्यातून आलेले अनेक डॉक्टर, इंजिनिअर, व्यापारी शहरातल्या जुन्या स्थलांतरित मोहल्ल्यांत थांबलेच नाहीत. त्यांनी थेट उपनगरात घर घेतले. लॉस एंजलिसजवळच्या मॉन्टेरे पार्कमध्ये तैवान आणि हाँगकाँगहून आलेल्यांनी हेच केले. तिथे दुकानांवरच्या चिनी पाट्यांवरून 1980च्या दशकात वादही पेटले.

तरीही मला वाटते, मनाच्या मोठेपणापेक्षा जमिनीच्या भावाने जास्त काम केले. शहराचा मध्य महाग झाला आणि कमी पैशांत जास्त खोल्या फक्त कडेला उरल्या. तिथे पोहोचणाऱ्यांत नवे स्थलांतरित होते, तसेच शहरात न परवडणारे स्थानिकही.

सोयी मात्र घरांच्या मागून येतात. टार्नीटला रेल्वे स्थानक मिळाले ते 2015मध्ये. तोवर तिथे हजारो कुटुंबे राहायला आली होती आणि कामावर जायला बस किंवा स्वतःची गाडी एवढाच पर्याय होता.