पेशंटजवळ किती, कॉम्प्युटरसमोर किती: वॉर्डातल्या शिकण्याची पार्श्वभूमी

इंटर्न दिवसभर कॉम्प्युटरलाच चिकटून असतात ही तक्रार नुसती कुरकुर नाहीये. अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये २९ इंटर्नच्या मागे मागे माणसं फिरवली आणि ८७३ तास कोण काय करतंय ते टिपलं, २०१३ मध्ये ते छापून आलं. प्रत्यक्ष पेशंटबरोबर गेलेला वेळ १२ टक्के, कॉम्प्युटरवर ४० टक्के.

मुळात पेशंटच्या कॉटपाशी शिकवायचं हीच पद्धत तशी उशिरा आली. त्याआधी युरोपातल्या विद्यापीठांत पुस्तकं वाचायची, वादविवाद करायचे, झालं, डिग्री. हॉलंडमधल्या लायडनला १६३६ पासून वॉर्डात शिकवणं सुरू झालं आणि १७१४ पासून तिथले प्राध्यापक बूरहाव्ह यांनी ते गाजवलं, तेही फक्त १२ कॉटवर, ६ पुरुषांच्या, ६ बायकांच्या. पण तिथे पोरं मुख्यतः बघायची आणि ऐकायची. क्रांतीनंतर पॅरिसच्या मोठमोठ्या हॉस्पिटलांत मात्र हात लावून तपासणं आलं, १८१६ मध्ये डॉक्टर लेनेकनी कागदाची गुंडाळी छातीला लावून ठोके ऐकले तेही तिथलंच, आणि पेशंट गेला की पोस्टमॉर्टेम करून आपलं निदान बरोबर होतं का ते बघायचं.

खरा बदल विल्यम ऑस्लर या डॉक्टरांचा. बाल्टिमोरच्याच जॉन्स हॉपकिन्सला मेडिकल स्कूल १८९३ मध्ये सुरू झालं आणि त्यांनी शेवटच्या वर्षाच्या पोरांना सरळ वॉर्डात कामाला लावलं. प्रत्येकाच्या वाट्याला काही पेशंट, त्यांची हिस्ट्री स्वतः घ्यायची, तपासायचं, रक्त-लघवी स्वतः मायक्रोस्कोपखाली बघायची, सगळं लिहून काढायचं आणि राउंडला सरांसमोर उभं राहून सांगायचं. म्हणजे लिखापढी तेव्हाही होतीच, फक्त ती पेशंटला बघून झाल्यावर व्हायची आणि तीच शिकण्याची रीत होती, हे लोक विसरतात. रेसिडेंट, म्हणजे डिग्रीनंतर हॉस्पिटलात काम करत शिकणारे डॉक्टर, तर हॉस्पिटलातच राहायचे, लग्न वगैरे नंतर बघू. अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांची तपासणी करणाऱ्या १९१० च्या फ्लेक्सनर रिपोर्टनंतर हाच नमुना अमेरिकेत सगळीकडे गेला.

पुढे कागद वाढत गेला. १९६८ मध्ये लॉरेन्स वीड या डॉक्टरांनी पेशंटच्या नोट्स प्रॉब्लेमनुसार लिहायची पद्धत मांडली, आजची 'सोप' नोट (पेशंट काय सांगतो, तपासणीत काय दिसलं, निदान काय, पुढे काय करायचं) त्यातलीच. कल्पना चांगली होती, विचार नीट मांडायला लावणारी, पण कॉम्प्युटर आल्यावर कालची नोट आज कॉपी-पेस्ट व्हायला लागली, त्याला वीड काय करणार!

तासांचं भांडण वेगळंच. १९८४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये १८ वर्षांची लिबी झायन हॉस्पिटलात ॲडमिट झाल्यावर काही तासांतच गेली, वडील पत्रकार, त्यांनी रेसिडेंटच्या लांबलचक ड्युट्यांचा विषय लावून धरला. १९८९ ला न्यूयॉर्क राज्यात आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली, २००३ ला अमेरिकाभर, २०११ ला पहिल्या वर्षाच्यांना सलग १६ तासांच्या वर नाही, आणि २०१७ ला ते परत २४ वर. युरोपात आठवड्याला ४८ तासांचा नियम.

नियम झोपेसाठी होते आणि ते हवेतच, थकलेला माणूस चुका करतो. पण तास कापले म्हणून काम कमी झालं नाही. शिवाय पूर्वी पेशंट आठवडेच्या आठवडे वॉर्डात असायचा, आता दोन-चार दिवसांत घरी, म्हणजे नवीन ॲडमिशन जास्त, डिस्चार्ज समरी जास्त, त्यात शिफ्ट बदलली की पुढच्या डॉक्टरला पेशंटची माहिती द्यायचा हँडओव्हर, रिपोर्ट का नाही आला म्हणून लॅबला फोन. यातलं बरंचसं काम पेशंटसाठीच असतं, फक्त पेशंट समोर नसतो.

२०१९ मध्ये ८० इंटर्नवरचा आणखी मोठा अभ्यास आला. २४ तासांतले जवळपास १६ तास असल्या कामात, पेशंटसमोर ३ तास, आणि शिकण्या-शिकवण्यासाठी २ तासही नाहीत.