पंपाचा दाब आणि पुडीचा अडथळा

बिया दळण्यापासून कप भरण्यापर्यंतचे सगळे काम स्वतःच करणारे कॉफीचे यंत्र घरासाठी घ्यायचे ठरले, की बहुतेकांचा पहिला प्रश्न दाबाविषयी असतो. एका स्नेह्यांनी मला नुकताच तो विचारला: एका खोक्यावर १५ बार लिहिले आहे आणि दुसऱ्यावर १९ बार, तर चार बार जास्त असलेले यंत्र घ्यावे का? प्रश्न स्वाभाविक आहे, कारण खोक्यावर सर्वांत ठळक छापलेला आकडा तोच असतो. परंतु कपात उतरणाऱ्या कॉफीविषयी त्या आकड्यावरून जवळजवळ काहीच कळत नाही.

एक बार म्हणजे साधारणपणे समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबाएवढा दाब. आंजेलो मोरिओन्दो यांनी १८८४ मध्ये इटलीत पेटंट घेतलेल्या यंत्रापासून पुढची कित्येक दशके कॉफीची यंत्रे वाफेच्या जोरावर चालत आणि त्यांतला दाब जेमतेम दीड बारपर्यंत पोहोचे. दुसऱ्या महायुद्धानंतर आखिल्ले गाज्जिया यांच्या तरफेच्या यंत्रांनी तो ८ ते १० बारवर नेला, आणि १९६१ मध्ये आलेल्या फाएमा कंपनीच्या ई६१ यंत्राने हाताऐवजी विजेच्या पंपाने ९ बार दाब देऊन दाखवला. एस्प्रेसोसाठी, म्हणजे पुडीतून दाबाने गरम पाणी ढकलून केलेल्या दाट कॉफीसाठी, आजही तेवढाच दाब पुरेसा मानला जातो.

मग १५ किंवा १९ हा आकडा येतो कुठून? घरगुती यंत्रांतल्या नेहमीच्या पंपात एक विद्युतचुंबक लहानसा दट्ट्या सेकंदाला ५० किंवा ६० वेळा मागेपुढे हलवतो. कॉफी होत असताना जी घरघर ऐकू येते, ती बरीचशी त्याचीच. अशा पंपाची बाहेरची वाट पूर्ण बंद केली तर दाब कमाल पातळीला पोहोचतो, आणि खोक्यावर लिहितात तो हा दाब. वाट मोकळी होऊन पाणी वाहू लागले की तो उतरतो. बागेला पाणी घालण्याच्या नळीचे तोंड उघडे असेल तर पाणी नुसतेच पायाशी पडते आणि तोंडावर अंगठा दाबून धरला तर लांब फेकले जाते. नळ दोन्ही वेळा तेवढाच उघडा असतो. कॉफीच्या यंत्रात अंगठ्याचे काम कॉफीची पूड करते. म्हणजे पंप पाणी ढकलतो, पण दाब प्रत्यक्षात किती चढेल हे पुडीच्या अडथळ्यावर अवलंबून असते.

हा अडथळा कसा निर्माण होतो, हा मला या साऱ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. फ्रान्समधील दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यावर काम करणारे अभियंते आँरी डार्सी यांनी वाळूच्या थरातून पाणी किती वेगाने झिरपते याचे प्रयोग केले आणि १८५६ मध्ये त्यांचा नियम मांडला: प्रवाह दाबातील फरकाच्या सम प्रमाणात असतो आणि थराच्या जाडीच्या व्यस्त प्रमाणात. पुढे असेही स्पष्ट झाले, की इतर सर्व गोष्टी सारख्या असतील तर थराची पाणी झिरपू देण्याची क्षमता कणांच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. कण निम्म्या व्यासाचे केले तर त्याच दाबाखाली प्रवाह निम्मा न होता एकचतुर्थांश होतो. पंपाचा दाब दीडपट केला तर प्रवाह फार तर दीडपट होणार. दळणातला किंचितसा फरक त्याहून कितीतरी मोठा परिणाम घडवतो.

आणि कण एकाच आकाराचे कधीच नसतात. ग्राइंडरमध्ये जात्याच्या दोन दगडांप्रमाणे दोन दातेरी चकत्या असतात आणि त्यांच्यातले अंतर कमीजास्त करता येते. भाजलेली बी ठिसूळ असल्याने त्या फटीत ती कापली जात नाही, फुटते. फुटताना ठरलेल्या मापाच्या कणांबरोबर बराच भुकटा तयार होतो. चिमूटभर पूड दोन बोटांत चोळून पाहिली तर रव्यासारखा कण आणि पिठासारखा भुकटा असे दोन्ही एकाच वेळी हाताला लागतात. समजा, मोठा कण ४०० मायक्रोमीटरचा आहे आणि भुकट्याचा कण ५० मायक्रोमीटरचा. एका मोठ्या कणाएवढी कॉफी ५१२ लहान कणांत मावते आणि त्या ५१२ कणांचे एकूण पृष्ठफळ मोठ्या कणाच्या आठपट भरते. शिवाय कणाच्या गाभ्यातील द्रव्य विसरणाने, म्हणजे हळूहळू आपोआप पसरत, बाहेर यायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून मोठ्या कणाला लहान कणाच्या ६४ पट वेळ हवा. पाणी मात्र दोघांना २५ ते ३० सेकंदच देते. आम्ले लवकर विरघळतात आणि कडवट द्रव्ये उशिरा, त्यामुळे मोठ्या कणाचा गाभा कोराच राहतो आणि भुकट्यातला कडवटपणा पूर्ण उतरतो. एकच कप आंबट आणि कडू दोन्ही लागतो, तो यामुळे. कॉफीचा सुमारे ३० टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो, पण चव साधते ती १८ ते २२ टक्के उतरला की, आणि ही मर्यादा सांभाळणे एकसारख्या दळणाशिवाय कठीण असते.

म्हणून यंत्र पाहताना दळणाचे किती टप्पे आहेत आणि सर्वांत बारीक टप्पा खरोखर किती बारीक आहे हे आधी पाहावे. त्याखालोखाल कपामागे किती ग्रॅम कॉफी घेता येते ते महत्त्वाचे. ही मर्यादा ७ ग्रॅमवरच थांबत असेल तर मोठा कप पाणचट होणार हे ठरलेले. चकत्या सिरॅमिकच्या की पोलादाच्या, यावर जाहिराती फार भर देतात; एका कपापुरत्या काही सेकंदांच्या दळणात दोन्ही फारशा तापत नाहीत, फक्त बियांत खडा आला तर सिरॅमिकचा टवका उडण्याचा धोका अधिक. जाड फेसावरूनही भुलू नये, कारण अनेक यंत्रांत पाणी बाहेर पडण्याच्या वाटेवर एक झडप बसवलेली असते आणि शिळ्या बियांनाही ती फेस आणून देते.

ज्या भागात कॉफी प्रत्यक्ष दाबली जाते तो भाग बाहेर काढून धुता येतो का, हे मी स्वतः अट म्हणून पाहतो. ओला चोथा आणि कॉफीचे तेल तिथे साचते, तेल खवट होते आणि बुरशी धरते. दुधाच्या नळ्यांचेही तसेच आहे. पाणी दुष्फेन असेल तर तापताना त्यातील बायकार्बोनेटचे कॅल्शियम कार्बोनेट होऊन तापकावर थर बसतो. तो सायट्रिक किंवा लॅक्टिक आम्लाने विरघळतो. नळीला चुंबक लावला की क्षार बसत नाहीत असे सांगून चुंबक विकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये; त्या दाव्यामागे भरवशाचा पुरावा नाही.

माझ्या यंत्राने पहिल्या दिवशी ११ सेकंदांत कप भरला. कॉफी फिकट आणि आंबट होती, आणि चोथ्याची वडी बोट लावताच विस्कटली. ग्राइंडर फिरत असतानाच त्याची कळ दोन टप्पे बारीककडे वळवली. तो बंद असताना वळवली तर फटीत अडकलेल्या बियांमुळे यंत्रणेवर ताण येतो. पुढच्या कपात काहीच फरक पडला नाही, कारण वाटेत जुनी पूड शिल्लक होती. तिसरा कप भरायला २६ सेकंद लागले, धार बारीक आणि तपकिरी पडली, आणि चोथ्याची वडी डब्यात अखंड उतरली.