चोथ्यात अडकलेली साखर : काडीकचऱ्यापासून इंधनापर्यंतची पार्श्वभूमी

नाशिक जिल्ह्याला आंबवण्याची प्रक्रिया नवी नाही. वालचंद हिराचंद यांनी १९३३ मध्ये रावळगावला साखर कारखाना उभा केला, पुढे निफाड, पळसे, दिंडोरी या पट्ट्यात सहकारी कारखाने आले, आणि साखर काढून घेतल्यावर उरणाऱ्या मळीपासून मद्यार्क करणे हा साखरधंद्याचा जोडव्यवसाय झाला. गेल्या पंचवीस वर्षांत द्राक्षांच्या वाइनची त्यात भर पडली. मळी असो वा द्राक्षाचा रस, त्यातील साखर यीस्टला थेट वापरता येते. त्याच उसाचा चोथा, शेतात पडलेले पाचट, छाटणीनंतर बांधावर रचलेल्या द्राक्षकाड्या, येवला-चांदवडकडील मक्याची ताटे यांतही साखर भरपूर असते; परंतु यीस्टला तिच्यापर्यंत पोहोचता येत नाही. काडीकचऱ्यापासून इथेनॉल, म्हणजेच मद्यार्क, करणाऱ्या जैवइंधनाच्या शाखेचा दोनशे वर्षांचा इतिहास मुख्यतः ही अडकलेली साखर मोकळी कशी करायची, याच प्रश्नाभोवती फिरला आहे.

काडी तीन घटकांनी बांधलेली असते. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंच्या लांब, एकमेकींना घट्ट चिकटलेल्या साखळ्या. त्यांच्याभोवती हेमिसेल्युलोजचे जाळे असते, ज्यात झायलोजसारख्या पाच कार्बनच्या साखरा असतात. आणि या सर्वांना लिग्निन हा चिवट पदार्थ सांधून ठेवतो. ज्वारीच्या दाण्यातील स्टार्चही ग्लुकोजचाच बनलेला आहे, पण त्यातील जोडणीची दिशा वेगळी असल्यामुळे भाकरी आपल्याला पचते आणि कडबा पचत नाही. गाईला तो पचतो, कारण तिच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातील सूक्ष्मजीव सेल्युलोज तोडणारी विकरे, म्हणजेच एन्झाइम, तयार करतात आणि रवंथ करताना ती कडबा पुन्हा पुन्हा बारीक करून त्यांचे काम सोपे करते. कारखान्यातही हाच क्रम पाळावा लागतो : आधी काडी सैल करणे, मग साखळ्या तोडणे, मग साखर आंबवणे. एक किलो शुद्ध सेल्युलोज पूर्णपणे तुटले, तर पाण्याचा अंश जोडला जाऊन सुमारे १.११ किलो ग्लुकोज मिळते आणि त्यापासून जास्तीत जास्त ०.७२ लिटरच्या आसपास इथेनॉल होऊ शकते. प्रत्यक्षातील उतारा याहून कमीच असतो, आणि तो किती कमी असतो यावरच या उद्योगाचे भवितव्य वेळोवेळी ठरत आले आहे.

पहिला मार्ग आम्लाचा होता. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी ब्राकोनो यांनी १८१९ मध्ये लिननच्या कापडाच्या चिंध्या आणि लाकूड गंधकाम्लात विरघळवून त्यांपासून साखर मिळवली. व्यापारी प्रमाणावरचे पहिले प्रयत्न १८९८ च्या सुमारास जर्मनीत झाले, आणि १९१० मध्ये अमेरिकेतील साउथ कॅरोलिनातील जॉर्जटाउन येथे लाकूड गिरणीच्या भुशापासून मद्यार्क करणारा कारखाना सुरू झाला. पहिल्या महायुद्धानंतर लाकूडकाम मंदावताच तो बंद पडला. दोन महायुद्धांच्या दरम्यान जर्मनीत हाइन्रिख शोलर यांनी विरल गंधकाम्लाची, तर फ्रीडरिख बेर्गियस यांनी तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाची पद्धत विकसित केली. सोव्हिएत संघाने असे कारखाने कित्येक दशके चालवले. मात्र आम्लाला थांबायचे कोठे हे कळत नाही : ते सेल्युलोज तोडते, पण तयार झालेल्या साखरेचेही फरफ्युरालसारख्या पदार्थांत रूपांतर करते आणि हे पदार्थ यीस्टला विषारी ठरतात. शिवाय यंत्रे गंजतात, आणि आम्ल चुन्याने शमवल्यावर जिप्समचे ढीग साचतात. त्यामुळे युद्धकाळातील टंचाई संपली आणि स्वस्त खनिज तेल मिळू लागले की हे कारखाने मागे पडत.

दुसऱ्या मार्गाचा उगम एका वेगळ्याच अडचणीत आहे, आणि द्राक्षबागायतदारांनी तो आवर्जून जाणून घ्यावा असा आहे. दुसऱ्या महायुद्धात दक्षिण पॅसिफिकमधील अमेरिकी सैन्याचे सुती तंबू आणि गणवेश दमट हवेत झपाट्याने कुजू लागले. सॉलोमन बेटांवरील तंबूच्या कापडावरून वेगळ्या केलेल्या बुरशीच्या एका वाणाला सैन्याच्या पुरवठा विभागाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘क्यूएम ६ ए’ ही खूण मिळाली. त्या वेळी प्रश्न कापड वाचवण्याचा होता. एल्विन रीझ आणि मेरी मँडेल्स या शास्त्रज्ञांनी मात्र ही बुरशी बाहेर सोडत असलेल्या सेल्युलेज, म्हणजे सेल्युलोज तोडणाऱ्या, विकरांचा बारकाईने अभ्यास केला आणि एकाच विकराने काम होत नाही, तर वेगवेगळी विकरे मिळून साखळी तोडतात, हे स्पष्ट होत गेले. १९७७ मध्ये या बुरशीला रीझ यांच्या सन्मानार्थ ‘ट्रायकोडर्मा रीझी’ हे नाव देण्यात आले. ओझर-पिंपळगावच्या कोणत्याही कृषी सेवा केंद्रात ज्या ट्रायकोडर्माची पाकिटे मूळकुजीसारख्या रोगांवर मिळतात, ती याच कुळातली. आज जगभर औद्योगिक सेल्युलेज मोठ्या प्रमाणावर तंबूवरच्या त्या वाणाच्या वंशजांपासून तयार होते.

१९७३ च्या तेलसंकटाने या संशोधनाची दिशा उलटली : जे कुजणे थांबवायचे होते, तेच आता वेगाने घडवून आणायचे होते. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात अतिनील किरण आणि रसायनांच्या साहाय्याने या बुरशीचे कितीतरी अधिक विकरे देणारे वाण तयार झाले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही त्या काळात सेल्युलेजवर काम झाले. झायलोजचा प्रश्न वेगळा होता, कारण नेहमीचे यीस्ट ती साखर आंबवत नाही. फ्लोरिडात लॉनी इन्ग्रम या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस दुसऱ्या जिवाणूची जनुके ई-कोलाय या जिवाणूत घालून तो सोडवण्याची एक वाट दाखवली. काडी सैल करण्यासाठी वाफेचा दाब देऊन तो एकदम सोडण्याची पद्धत आणि सौम्य आम्लाची पूर्वप्रक्रिया याच काळात रुळली.

भारतात मळीपासूनच्या इंधनासाठी ‘पॉवर अल्कोहोल कायदा’ १९४८ मध्येच झाला होता. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये देशात तीन ठिकाणी झाले : उत्तर प्रदेशात आंवला आणि महाराष्ट्रात मिरज व मनमाड. नाशिक जिल्ह्यातील मनमाडचे नाव या इतिहासात अगदी आरंभी येते, याची आठवण जिल्ह्यात फारशी काढली जात नाही. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने पिकांच्या अवशेषांपासूनच्या इथेनॉलला वेगळे स्थान दिले आणि २०१९ मध्ये ‘जी-वन’ योजनेतून अशा प्रकल्पांना अर्थसाहाय्य मिळाले. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने दौंडला प्रात्यक्षिक प्रकल्प उभारला होता. त्याच कंपनीच्या तंत्रज्ञानावरचा, वर्षाला सुमारे दोन लाख टन भाताचा पेंढा वापरून तीन कोटी लिटर इथेनॉल देण्याच्या क्षमतेचा इंडियन ऑइलचा प्रकल्प १० ऑगस्ट २०२२ रोजी पानिपतला राष्ट्रार्पण झाला. त्याआधीच्या दशकभरात इटलीतील क्रेशेन्तिनो आणि अमेरिकेतील आयोवा, कॅन्सस येथील मोठे प्रकल्प गाजावाजाने सुरू होऊन बंद पडले, हेही नजरेआड करता येत नाही. रसायनशास्त्र सुटले तरी गवत-काडी गोळा करणे, कोरडी ठेवणे आणि माती-खड्यांसह ती यंत्रात सरकवणे अवघड गेले.

या पार्श्वभूमीवर नाशिकच्या काडीकचऱ्याकडे पाहावे लागते. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले, तेव्हा आसवनी प्रकल्पांचा भर मक्याकडे वळला आणि कुक्कुटपालकांना खाद्याच्या दराची चिंता लागली. अन्न आणि इंधन यांची ही ओढाताण पाचट-ताटांच्या बाबतीत उद्भवत नाही. चोथ्याचे गणित मात्र वेगळे आहे, कारण तो बॉयलरमध्ये जळून कारखान्याला वाफ आणि वीज देतो. तो इथेनॉलकडे वळवायचा तर त्या ऊर्जेची भरपाई कोठून करायची, हे आधी ठरवावे लागेल. पाचट सगळेच उचलले, तर जमिनीला सेंद्रिय कर्ब मिळणार नाही. द्राक्षकाडी पेंढ्यापेक्षा लाकडी असते, तिच्यात लिग्निन अधिक असते, आणि हंगामभर फवारलेल्या बोर्डो मिश्रणातील तांबे सालीवर राहिले असेल तर ते यीस्टला मानवत नाही. म्हणून पानिपतची पद्धत जशीच्या तशी येथे आणण्यापूर्वी त्या काडीवर स्वतंत्र चाचण्या व्हायला हव्यात. एप्रिलच्या खरड छाटणीत आणि ऑक्टोबरच्या फळ छाटणीत ही काडी थोड्या दिवसांत, हजारो छोट्या बागांमधून निघते. तिचे तुकडे करून ती वेलींच्या बुडाशी पसरायची, बांधावर जाळायची की गोळा करून कोणाला द्यायची, हा निर्णय आज प्रत्येक बागायतदार आपापल्या मजुरीचा हिशेब पाहून घेतो.